प्रोसेसर वेगवान, तरी संगणक संथ का?

दूध संस्था, विकास सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या कार्यालयांत आता संगणक आला आहे. काही प्रगतिशील शेतकरी बंधू घरीही बागेचा जमाखर्च व फवारणीच्या नोंदी संगणकावर ठेवतात. मात्र ‘जादा पैसे घालून वेगवान प्रोसेसरचा संगणक घेतला, तरी तो जुन्यासारखाच रखडतो’ ही तक्रार मेळाव्यांत वारंवार ऐकू येते. प्रस्तुत लेखक पीकशास्त्राचा अध्यापक आहे, संगणकाचा नव्हे. परंतु हा प्रश्न पीकशास्त्राच्याच रीतीने सुटतो असा अनुभव आहे.

एका दूध संस्थेत जाण्याचा योग आला, तेव्हा दहा दिवसांचे बिल काढावयाचे होते. सभासद ओट्यावर बसून होते आणि पडद्यावरील चक्र फिरतच होते. संगणक नवा, प्रोसेसर जुन्याच्या दुप्पट वेगाचा. आता याहूनही महाग संगणक घ्यावा, असा विचार संस्थेत चालू होता. आतील भाग तपासले असता फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क व केवळ ४ जीबी रॅम आढळून आली.

शेतकरी बंधूंनो, जमिनीत जस्ताची कमतरता असेल तर नत्राची मात्रा वाढवूनही उत्पादन वाढत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. जो घटक सर्वांत कमी, त्यावर उत्पादन ठरते. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास मांडला व पुढे लीबिग यांनी तो सर्वदूर पोहोचविला. संगणकासही तो तंतोतंत लागू पडतो.

प्रोसेसर फक्त आकडेमोड करतो. त्यास लागणारी माहिती हार्ड डिस्कवरून रॅममध्ये व रॅममधून प्रोसेसरकडे यावी लागते. मळणी यंत्र कितीही मोठे आणले, तरी पेंढ्या टाकणारा गडी एकच असेल तर यंत्र रिकामेच फिरते, तसा हा प्रकार आहे. मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ११ हजारांश, लागतात. वाचणारी सुई योग्य जागी सरकून हवी ती नोंद तिच्याखाली येईपर्यंत साधारण १५ मिलिसेकंद जातात. आपल्याला हा वेळ नगण्य वाटतो. परंतु ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका सेकंदात ३०० कोटी ठोके देतो. म्हणजे एका नोंदीची वाट पाहण्यात त्याचे साडेचार कोटी ठोके निघून जातात! एसएसडी या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भाग नसल्याने हेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होते.

रॅम अपुरी असल्यास त्रास आणखी वाढतो. खळ्यावर जागा उरली नाही की पोती घरात नेऊन टाकावी आणि लागतील तशी परत आणावी, असे संगणक करू लागतो. हे घर म्हणजे तीच संथ डिस्क होय.

हिशेब मांडून पाहावा. बिल काढण्यास ६० सेकंद लागतात, पैकी प्रोसेसरचे काम १० सेकंदांचे व डिस्कचे ५० सेकंदांचे आहे असे समजा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसविला तर १० चे ५ होतील, एकूण वेळ ५५ सेकंद. त्यापेक्षा डिस्क बदलणे फायद्याचे, हे सांगणे नलगे.

गिगाहर्ट्झच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये. २००० साली पेंटियम ४ हा प्रोसेसर १.४ व १.५ गिगाहर्ट्झ वेगाने बाजारात आला. परंतु अनेक कामांत तो १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ पेक्षा सरस ठरला नाही. बैलाची पावले मोजून नांगरट किती झाली हे कळत नाही, तासाची रुंदीही पाहावी लागते. शिवाय धूळ व भुसा जाऊन पंख्याची जाळी बुजल्यास प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. वर्षातून एकदा संगणक बंद करून जाळी साफ करून घ्यावी.

खरेदीपूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी. विंडोज असलेल्या संगणकावर काम रखडलेले असतानाच कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी व डिस्क यांची टक्केवारी दिसते. डिस्क १०० टक्क्यांवर व सीपीयू १०-१५ टक्क्यांवर असेल, तर नवा प्रोसेसर घेणे म्हणजे जस्ताऐवजी युरिया टाकणे होय. मेमरी ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवावी. सीपीयूच सतत ९० टक्क्यांच्या पुढे असेल, जसे ड्रोनची छायाचित्रे जोडताना होऊ शकते, तर मात्र वेगवान प्रोसेसरचा उपयोग होतो. तिन्ही आकडे कमी असून केवळ सातबाराचे संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष इंटरनेटचा किंवा पलीकडच्या यंत्रणेचा असण्याची शक्यता अधिक.

सदर दूध संस्थेने नवा संगणक घेतला नाही. एसएसडी व आणखी ४ जीबी रॅम बसविली आणि पुढच्या बिलाच्या वेळी सभासदांना ओट्यावर बसावे लागले नाही. डिस्क बदलण्यापूर्वी सभासदांच्या सर्व खात्यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडते याची खात्री करावी आणि जुनी डिस्क निदान एक लेखापरीक्षण होईपर्यंत कपाटात जपून ठेवावी.