सनस्क्रीन लावता, पण पुरेसे लावता का?

हळद काढून शिजवली, की ती दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते. वसमत, कळमनुरी, सेनगाव भागात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हे काम चालते. ज्या उन्हात हळद वाळते, त्याच उन्हात ती पसरणारी माणसे दिवसभर उभी असतात. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर हिंगोलीत भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. गालांवरचे वांग, काळवंडलेली मान, अकाली सुरकुत्या यामागे उन्हातील अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो.

म्हणून आता खेड्यातही सनस्क्रीनची ट्यूब दिसते. पण ती बहुधा वाटाण्याएवढी घेऊन चेहऱ्यावर फिरवली जाते. खरी चूक इथेच होते.

आकड्याचा अर्थ

‘एसपीएफ’ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून मिळणारे संरक्षण. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के, तर ५० सुमारे ९८ टक्के किरणे अडवते. फरक एवढाच. त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए+++’ लिहिलेले आहे का, ते पाहा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण दृश्य प्रकाशानेही वांग वाढते.

मात्र हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम असा थर देऊन काढलेले असतात. थर निम्मा झाला की संरक्षण निम्म्याहूनही खाली येऊ शकते.

किती आणि केव्हा?

तर्जनी आणि मधले बोट, या दोन्ही बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढा. तेवढे चेहरा व मानेला लागते. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटे लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसला किंवा तोंड धुतले तर लगेच पुन्हा लावा.

या मापाने दिवसातून दोनदा लावले, तर ५० ग्रॅमची ट्यूब दोन आठवडेही पुरत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नाही. म्हणून आधी कापड, मग क्रीम. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती रुमाल किंवा ओढणी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी यांना दर दोन तासांनी पैसे पडत नाहीत. पातळ किंवा ओल्या कापडातून मात्र किरणे जास्त आत येतात. जो भाग उघडा राहील, तिथेच सनस्क्रीन भरपूर लावा.

हे लक्षात ठेवा

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा ऊन सर्वांत तीव्र असते. शक्य तेवढी कामे त्याआधी किंवा नंतर करा.

सनस्क्रीन उष्माघातापासून वाचवत नाही. त्यासाठी पाणी आणि सावलीच हवी.

हळद-बेसनाचा लेप सनस्क्रीनचे काम करत नाही.

सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीन नको. त्याला सावलीत ठेवा.

वांगावर कुणीतरी सुचवलेली ‘गोरे करणारी’ क्रीम लावू नका. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते आणि ऊन अधिकच बाधते. डाग वाढत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.