ट्रेलरचा हातब्रेक : चाचणीपुरताच बरा!

पुण्याकडून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले कंटेनर ट्रेलर बोरघाट उतरू लागले, की पुढच्या मोटारचालकाची नजर आरशाकडे वळते. अवजड वाहनाचा ‘ब्रेक फेल’ झाल्याच्या बातम्या नेहमीच्याच आहेत. मात्र, ब्रेक एकाएकी निकामी होतोच असे नाही. चुकीच्या वापराने तो उतारावर हळूहळू निष्प्रभही होतो. ट्रेलरचा हातब्रेक हे त्याचे एक उदाहरण.

ट्रेलर हे एक नव्हे, तर दोन वाहने असतात. पुढे इंजिन असलेला ट्रॅक्टर, ज्याला चालक ‘घोडा’ म्हणतात आणि त्याला एका खिळीवर जोडलेला मागचा सांगाडा. पायाखालचा ब्रेक दाबला, की दाबाखालील हवा या दोन्हींच्या चाकांपर्यंत पोहोचते. स्टिअरिंगजवळ किंवा डॅशबोर्डवर बसविलेला छोटा दांडा म्हणजे ट्रेलरचा हातब्रेक. तो ओढल्यावर केवळ मागच्या सांगाड्याचीच चाके रोखली जातात. अमेरिकेत या दांड्याला ‘ट्रॉली व्हॉल्व्ह’ किंवा ‘जॉन्सन बार’ म्हणतात.

अमेरिकेतील व्यावसायिक चालक परवान्याच्या अभ्यासपुस्तिकेत याबाबत स्पष्ट सूचना आहे. हा दांडा केवळ ट्रेलरच्या ब्रेकची चाचणी घेण्यासाठी वापरावा. धावत्या वाहनात वापरू नये. निघण्यापूर्वी वाहन अगदी हळू पुढे घेऊन दांडा ओढायचा. ट्रेलरने मागे खेचल्याचे जाणवले, तर हवेच्या नळ्या योग्य जोडल्या गेल्या असून ब्रेक काम करीत आहेत, असे समजावे.

धोका कुठे?

चाक जाम होऊन घसरू लागले, की रस्त्यावरची आडवी पकडही सुटते. मग ट्रेलरचा मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि संपूर्ण वाहन मिटत्या चाकूसारखे दुमडते. रिकाम्या किंवा हलक्या ट्रेलरमध्ये ही भीती अधिक, कारण त्याचे ब्रेक पूर्ण भाराच्या हिशेबाने बनविलेले असतात. ट्रेलर घसरू लागल्यावर हातब्रेक ओढून तो सरळ करता येतो, हा समजही चुकीचा आहे. ज्या ब्रेकमुळे चाके जाम झाली, तोच पुन्हा आवळण्यासारखे हे आहे. अशा वेळी ब्रेक सोडून चाकांना पकड मिळू देणे हाच उपाय.

दुसरा धोका उष्णतेचा. लांब उतारावर केवळ ट्रेलरच्या ब्रेकवर भार टाकला, तर त्याचे ड्रम तापतात, प्रसरण पावतात आणि ब्रेकपट्ट्यांपासून दूर जातात. मग पकड कमी होते. त्यातच वाहन रोखण्याचा अधिक भार पुढच्या ब्रेकवर येतो.

वाहन उभे करतानाही हा दांडा कामाचा नाही. पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर लागतो. हवा गेली तरी तो सुटत नाही. याउलट, हातब्रेक हवेवर चालतो. ज्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नाहीत, तिथे हवा गळून गेली, तर ब्रेक सुटून वाहन घरंगळू शकते.

योग्य पद्धत

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि वेग मुख्यतः इंजिनने आवरावा. सुरक्षित वेग ताशी ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर असेल, तर तो गाठताच पायाचा ब्रेक ठामपणे दाबून वेग ताशी ३५ मैलांवर आणावा व ब्रेक सोडावा. वेग पुन्हा वाढला, की हेच करावे. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे अत्यंत घातक. कारण त्यामुळे इंजिनाचा आधारच संपतो.

मोटारचालकांनीही काही पथ्ये पाळावीत. हवेचा ब्रेक पेडल दाबल्यावर क्षणभर उशिराने लागतो, म्हणून घाटात ट्रेलरच्या पुढ्यात अचानक घुसू नये. वळणावर त्याच्या बाजूने रेंगाळू नये. मागून येणाऱ्या ट्रेलरच्या चाकांतून धूर किंवा जळका वास येत असेल, तर त्याला वाट द्यावी. त्या ट्रेलरच्या चालकाकडे कदाचित तेवढाच वेळ उरलेला असतो.