सातवा गडी

एका कॉलेजच्या फुटबॉल टीमने यंदा एक मॅच आठ जणांत खेळली, असं कानावर आलं आणि मी धामणगाव बढ्याला गेलो. त्या टीममधली बरीच पोरं या गावची आणि आसपासच्या वस्त्यांची. हरल्याचं नवल नव्हतं. आठच जण घेऊन फुटबॉलच्या मैदानात उतरावंसं वाटतं कसं, ते बघायचं होतं.

फिजिकलच्या सरांचा हिशेब तयार होता. "सात लागतात. सातच्या खाली गेलं की रेफरी मॅच थांबवतो. आमच्याकडं आठ होते, म्हणजे एक जास्तच." सर तासिका तत्त्वावर आहेत. मैदानावरची संध्याकाळ त्यांच्या कुठल्याच तासात धरली जात नाही.

जूनमध्ये यादीत अठरा नावं होती. पाऊस लागला तशी मैदानावरची काळी माती बुटांच्या स्टडमध्ये बसायला लागली. पोरं दर पाच मिनिटांनी काडीने ती खरवडायची. तरीही ऑगस्टपर्यंत सगळे टिकले. गळती सुरू झाली ती ऊन पडल्यावर. आधी सोयाबीन सोंगायला आलं, मग मका, आणि दसऱ्याच्या आगेमागे कापूस फुटला. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्र नेमकं याच दिवसांत आलं. अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांत सोयाबीन आणि कापूस आहेच. स्पर्धेची तारीख ठरवताना कुणी वावराकडे नजर टाकली असेल, असं वाटत नाही.

सरांच्या फोनवर निरोप येत राहिले. एकाचा होता, "सर, मले जमत नाही, मशीन येऊन राहिली." मळणीयंत्र एकदा दारातून पुढे गेलं की पुन्हा कधी फिरकेल सांगता येत नाही. सरांनी त्याला एका शब्दानेही टोकलं नाही.

मी गेलो त्या संध्याकाळी सहा जण आले होते. दोन फेऱ्या, थोडे पास, थोडी शूटिंग झाली. फक्की संपली होती, म्हणून पेनल्टी बॉक्सची रेघ एकाने टाचेनेच ओढली.

माझं लक्ष गोलकीपरकडे होतं. त्याने ग्लोव्हज काढले तेव्हा बोटं दिसली. नखांच्या कडेची कातडी सोलवटलेली, त्यावर बारीक काळे ओरखडे. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. घरच्या वावरात सकाळपासून वेचणी करून तो आला होता. दुखत नाही का, विचारलं. "वेचतानी ध्यानात येत नाही. बॉल लागला की समजते." फुटबॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. जोरात मारलेला चेंडू त्या बोटांवर कसा बसत असेल, त्याचा विचार मी पुढे लांबवला नाही.

त्या मॅचची गोष्ट त्यानेच सांगितली. सरांनी चार-दोन-एक अशी मांडणी केली होती. अर्ध्या वेळेपर्यंत एकच गोल बसला. नंतर एकाचा घोटा मुरगळला आणि तो बाहेर गेला. उरले सात. थोड्या वेळाने आणखी एकाच्या पोटरीत गोळा आला. त्याला उभं राहणंही अवघड झालं होतं, पण तो बाहेर आला असता तर सहा राहिले असते आणि मॅच तिथेच संपली असती. मग रेफरीला सांगून कीपरने आपले ग्लोव्हज त्याला दिले आणि स्वतः पुढे खेळायला गेला. ७.३२ मीटर रुंद गोलात लंगडणारा पोरगा, आणि बाहेर ज्याची सवय फक्त हाताने खेळायची तो. पाच-शून्यने हरले. "पण नव्वद मिनिटं झाली," कीपर म्हणाला.

या सात आकड्याची एक गंमत आहे. कबड्डीत सात जण म्हणजे पूर्ण संघ. "सात जण उरत असतीन तर कबड्डीच खेळा ना," असं गावातले लोक या पोरांना ऐकवतात. सल्ला व्यवहाराचाच आहे. कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा पुरते, बूटही लागत नाहीत. पण ही पोरं प्राथमिक शाळेत होती तेव्हा, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्य सरकारने दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता, नवी मुंबईतही सामने होते. शाळांना चेंडू वाटले गेले. गोडी लावून सरकार मोकळं झालं. पुढचं सगळं तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या गळ्यात पडलं.

सरांनी पुढच्या वर्षाचा बेत आखला आहे: जूनमध्ये बावीस नावं लिहायची, म्हणजे सुगीत निम्मे गळाले तरी अकरा उरतील. कीपर बुटाच्या नाड्या सोडत ऐकत होता.

"सर, वावर सगळ्याइचं एकाच टायमाले येते."

सरांनी बावीसवर काट मारली आणि पुढे तीस लिहिलं.