विश्लेषण : दाराला स्मार्ट लॉक बसवताय? कोरपना परिसरातील घरांसाठी निवड कशी करावी?

घरातील एक जण सिमेंट कारखान्यात पाळीवर, दुसरा कापूस वेचायला शेतात, मुले शाळेत आणि घराची किल्ली एकच. मग ती शेजारी ठेवायची, नाहीतर कुंडीखाली. कोरपना, गडचांदूर, नांदाफाटा परिसरातील घरांना ही अडचण नवी नाही. बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडणारे स्मार्ट लॉक त्यावर सोयीचे वाटते. मात्र जाहिरात पाहून घेतलेले लॉक नेमके भर उन्हात अडले, तर म्हातारी माणसे आणि मुले दाराबाहेर राहतात. त्यामुळे लॉकमध्ये काय काय आहे, यापेक्षा ते बंद पडल्यावर दार कसे उघडेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

स्मार्ट लॉक चालते कसे?

दाराच्या आतील बाजूला सेल आणि छोटी मोटर असते. बाहेरच्या बाजूला ठसा घेणारा सेन्सर आणि आकड्यांचा फलक असतो. ठसा, पासकोड, कार्ड किंवा मोबाइल यांपैकी एकाने ओळख पटली की मोटर खिटी मागे ओढते किंवा हँडल मोकळे करते. बहुतेक लॉकना साधी किल्लीही दिलेली असते. किल्लीची सोय नसलेले लॉक स्वस्त मिळाले तरी टाळावे.

वीज गेली तर दार उघडेल का?

उघडेल. ही लॉक सहसा चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल साधारण सहा महिने ते वर्षभर पुरतात. वीज गेली की घरातील वायफाय बंद पडते, त्यामुळे दूरवरून मोबाइलने दार उघडणे थांबते. ठसा, पासकोड आणि किल्ली मात्र चालतच राहतात. म्हणून केवळ वायफायसाठी जास्त पैसे मोजण्याआधी आपल्याकडे इंटरनेट किती वेळ टिकते ते पाहावे. सेल पूर्ण उतरले तर बाहेरून ९ व्होल्टचा सेल टेकवून किंवा पॉवर बँक जोडून लॉक तात्पुरते जागे करता येते. ही सोय आहे का, ते दुकानातच करून पाहावे. सेल अल्कलाइन प्रकारचेच घालावेत.

बोटाचा ठसा सर्वांचाच लागतो का?

नाही. सिमेंट अल्कधर्मी असते. त्यात रोज हात घालणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरखडतात. वयानुसारही ठसा पुसट होतो. रेशन दुकानातील यंत्रावर ज्यांचा अंगठा वारंवार नाकारला जातो, त्यांना घराच्या दारावरही हाच अनुभव येण्याची शक्यता आहे. खरेदीपूर्वी घरातील वयस्कर व्यक्तीचे बोट सेन्सरवर लावून पाहावे. प्रत्येकाची दोन्ही हातांची किमान दोन बोटे नोंदवावीत. आजी-आजोबांसाठी कार्ड किंवा किल्लीच सोपी पडते.

आधी दार का तपासावे?

सागवानी दार पावसाळ्यात थोडे फुगते आणि चौकटीत घासू लागते. साध्या कडीच्या वेळी आपण दार रेटतो. मोटरला ते जमत नाही. खिटी अडते, सेल लवकर उतरतात. असे दार आधी सुताराकडून रंधून घ्यावे. दाराची जाडीही मोजावी. बरीच लॉक ३५ ते ५० मिलिमीटर जाडीच्या दारांसाठी असतात. जुन्या घरांतील दोन पल्ल्यांच्या दाराला आणि लोखंडी पत्र्याच्या दाराला प्रत्येक लॉक बसत नाही. दाराचा फोटो आणि माप दुकानदाराला दाखवल्याशिवाय ऑनलाइन मागणी नोंदवू नये.

ऊन आणि धुळीचे काय?

चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि थेट उन्हातील धातू त्याहून बराच तापतो. कंपनीच्या माहितीपत्रकात लॉक किती अंशांपर्यंत चालते ते दिलेले असते. दार पश्चिमेकडे असेल, तर वर छज्जा हवाच. आयपी ६५ अशा क्रमांकातील पहिला आकडा धुळीपासूनचे, तर दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. सिमेंट आणि कोळशाची धूळ उडते तिथे पहिला आकडा किमान ५ असावा. फलकावर धूळ बसली की नेमके कोणते आकडे दाबले जातात ते दिसते. म्हणून तो अधूनमधून कोरड्या कापडाने पुसावा.

चोरी थांबते का?

स्मार्ट लॉकचा एक फायदा खरा आहे. बाहेर लटकणारे कुलूप घरात कोणी नसल्याचे रस्त्यावरच्याला सांगते. दारात बसवलेल्या लॉकवरून ते कळत नाही. मात्र हा फायदा दारात बसणारे साधे किल्लीचे लॉकही देते. घरफोडीत बहुधा कडीकोयंडा तोडला जातो किंवा चौकट उचकटली जाते. चौकट कच्ची असेल, तर महागडे लॉकही कामाचे नाही. कंपनीने दिलेला मूळ पासकोड पहिल्याच दिवशी बदलावा. कामाला येणाऱ्यांना वेगळा कोड द्यावा आणि काम संपताच तो काढून टाकावा. घरफोडीच्या विम्यात बहुतेकदा बळजबरीने प्रवेश झाल्याच्या खुणा मागितल्या जातात. फुटलेल्या कोडने कोणी दार उघडले, तर अशी खूण राहत नाही.

विकत घेताना काय विचारावे?

किमती साधारण पाच-सहा हजारांपासून ४० हजारांच्या पुढेही जातात. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीला कारागीर कुठून येणार? वर्धेला पूर आला की भोयगावकडून चंद्रपूरला जाणारा रस्ता बंद होतो. दुरुस्ती करणारा दोन दिवसांनी येणार असेल, तर तोवर किल्लीच दार उघडणार आहे. शिवाय ठसे लॉकमध्येच साठतात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात, हेही विचारावे. आतून दार विनाकिल्ली, एका झटक्यात उघडते का, ते पाहावे; आग लागल्यास तेच जीव वाचवते. आणि लॉक बसवून झाल्यावर जादा किल्ली घरातल्या कपाटात ठेवू नये. ती विश्वासातल्या शेजाऱ्याकडेच असलेली बरी.