फोन कुणाच्या नावावर?

२७ जून २०१७. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या कंटेनर टर्मिनलचं काम एकाएकी कोलमडलं. संप नव्हता, वादळ नव्हतं, क्रेनही धडधाकट होत्या. टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. त्या समूहाच्या जगभरच्या संगणकांत 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम घुसला होता. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि काही तासांत रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. कुठला कंटेनर कुणाचा आणि तो यार्डात कुठं ठेवलाय, हे सांगणारी यंत्रणाच बंद. न्हावा-शेव्यात हातानं नोंदी करून काम रेटावं लागलं.

या हल्ल्याच्या दोन बाजू फारशा बोलल्या जात नाहीत. पहिली फोनची. मर्स्कचे कार्यालयातले फोन इंटरनेटच्या तंत्रावर चालणारे होते, त्यामुळं नेटवर्क बंद केलं तसे तेही मुके झाले. कर्मचाऱ्यांनी स्वतःचे मोबाइल काढले आणि ग्राहकांशी व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं सुरू केलं. दुसरी बाजू ओळखीची. कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला काय उघडता येतं, याची नोंद सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्यामुळं तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका प्रतीवरून पुढं सगळी उभारणी झाली.

फोन आणि ओळख या दोन गोष्टी आज अनेक कंपन्या जाणीवपूर्वक एकमेकींना जोडतात. कुणाला कोणते अधिकार आहेत यावर देखरेख ठेवणाऱ्या 'आयडेंटिटी गव्हर्नन्स'च्या यंत्रणेला व्यवसायाची फोनसेवा जोडणं, असं या कामाचं नाव आहे. ऐकायला ते आयटी विभागापुरतं वाटतं. प्रत्यक्षात, आपल्याला कंपनीच्या नंबरवरून आलेला फोन खरंच कंपनीच्या माणसाचा आहे की नाही, हे या जोडणीवर ठरतं.

पूर्वी कार्यालयात ईपीएबीएक्सचा डबा भिंतीला लावलेला असे. ऑपरेटर लाइन जोडून देई. नोकरी सोडणारा माणूस टेबलावरून उठे, फोन टेबलावरच राही. आता फोन म्हणजे मोबाइलमधलं एक अ‍ॅप. मायक्रोसॉफ्ट टीम्स, रिंगसेंट्रल अशा सेवांवर कंपनीचा नंबर कर्मचाऱ्याच्या खिशात असतो. झूमनं २०२४ मध्ये भारतात फोनसेवा आणली, तीही महाराष्ट्र सर्कलपासून, पुण्यातून. सोय मोठी आहे. अडचण एवढीच, की माणूस नोकरी सोडून गेला तरी अ‍ॅप त्याच्याबरोबर घरी जातं.

अलिबाग-नागाव पट्ट्यातल्या एखाद्या रिसॉर्टचं उदाहरण घेऊ. बुकिंग घेणारा मुलगा डिसेंबरचा सीझन संपल्यावर दुसरीकडं लागला. रिसॉर्टनं त्याचा ईमेल बंद केला, ओळखपत्र परत घेतलं. फोनचं अ‍ॅप मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता त्यानं मनात आणलं, तर तो जुन्या पाहुण्याला फोन करून 'या वेळचा अ‍ॅडव्हान्स या खात्यावर टाका' असं सांगू शकतो, आणि पाहुण्याच्या मोबाइलवर नंबर दिसतो तो रिसॉर्टचा. पाहुण्यांशी झालेल्या संभाषणांचं रेकॉर्डिंगही त्याला अजून ऐकता येतं. ईमेलपेक्षा आवाजावर माणसं लवकर विश्वास ठेवतात. जुलै २०२० मध्ये ट्विटरवर झालेल्या हल्ल्याची सुरुवात कर्मचाऱ्यांना केलेल्या फोनपासूनच झाली होती. आपण आयटी विभागातून बोलतोय, असं हल्लेखोरांनी सांगितलं होतं.

यावरचा इलाज माणसाच्या आठवणीवर सोडायचा नाही, हे या जोडणीचं मर्म. मनुष्यबळ विभागाची नोंद हा पाया. तिथं 'रुजू' अशी नोंद पडली की गव्हर्नन्सची यंत्रणा ती वाचते, कामाच्या स्वरूपावरून कोणता अधिकार द्यायचा ते ठरवते आणि फोनसेवेला कळवते. हा निरोप सहसा 'स्किम' नावाच्या प्रमाणित पद्धतीनं जातो, तिची चालू आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मग नव्या माणसाचं खातं तयार होतं, एक्स्टेन्शन मिळतं, योग्य त्या कॉल-रांगेत त्याचं नाव लागतं. बदली झाली की जुनी रांग सुटते. नोकरीचा शेवटचा दिवस आला की खात्यापुढच्या 'चालू?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं आणि अ‍ॅप बंद पडतं. सेलपॉइंट, सव्हियन्ट, ऑक्टा या कंपन्या अशा यंत्रणा पुरवतात. सेलपॉइंटचं तर पुण्यातही केंद्र आहे.

खातं बंद झालं तरी नंबर मरता कामा नये. ग्राहकाकडं तोच नंबर लिहिलेला असतो. म्हणून माणसाचा अधिकार काढायचा आणि नंबर त्याच्या जागी आलेल्याकडं वळवायचा, अशा दोन वेगळ्या पायऱ्या लागतात. घाईत उभारलेल्या जोडणीत नेमकी दुसरी पायरी राहते आणि ग्राहकाच्या कानाशी नुसती घंटी वाजत राहते.

खरी कसोटी लागते ती नावं जुळवताना. रायगडच्या किनारपट्टीवर पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर ही आडनावं गावोगाव. एकाच कारखान्यात चार संतोष पाटील असणं इथं मुळीच नवल नाही. फोनसेवेत एक 'संतोष पी.', पगारपत्रकात 'पाटील संतोष रामचंद्र' आणि 'पाटील संतोष हरिश्चंद्र', ईमेलमध्ये नावापुढं दोन हा आकडा. यंत्रणेनं नावावरून जोड्या लावल्या तर निवृत्त झालेल्या संतोषऐवजी रात्रपाळीवरच्या संतोषचा फोन बंद पडेल. म्हणून जोडी लावायची ती कर्मचारी क्रमांकावरून. जुन्या फोनयादीतल्या प्रत्येक नावापुढं तो क्रमांक भरणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढं गेलेली जोडणी अंगाशी येते.

काही फोनना माणूसच नसतो. गेटवरचा, वजनकाट्यावरचा, गेस्टहाउसच्या काउंटरवरचा, अग्निशमन कक्षातला. थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद प्रकल्प, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल अशा ठिकाणांचा विचार करताना हा प्रश्न गंभीर होतो. मालक सापडत नाही म्हणून यंत्रणेनं अग्निशमन कक्षाचा फोन 'बेवारस' ठरवून बंद केला तर? असे फोन जागेच्या नावावर ठेवून त्यांना एक जबाबदार अधिकारी नेमावा लागतो, आणि आपोआप बंद होणाऱ्यांच्या यादीतून ते वगळावे लागतात. कंत्राटी कामगारांचंही तसंच. ते मुख्य पगारपत्रकावर नसतात, म्हणून त्यांची वेगळी, मुदतीची नोंद हवी.

पुन्हा नॉटपेट्याकडं वळायला हवं, कारण त्यानं दिलेला इशारा दुहेरी आहे. तो प्रोग्राम पसरला त्याचं एक कारण म्हणजे संगणकाच्या स्मृतीतून वापरकर्त्यांचे पासवर्ड उचलून तो पुढच्या यंत्रांत शिरत होता. ज्याच्याकडं गरजेपेक्षा जास्त अधिकार, त्याच्या नावानं जास्त नासधूस. अधिकार मोजून द्यावेत, दर तिमाहीला तपासावेत, हा गव्हर्नन्सचा आग्रह इथं पटतो. पण सगळं एकाच ओळखीच्या यंत्रणेला बांधलं आणि ती कोसळली, तर लॉगिन होणार नाही आणि फोनही लागणार नाही. संकटात एकमेकांशी बोलण्याचं साधनच संकटाबरोबर बुडेल. म्हणून नियंत्रण कक्षात या जाळ्याबाहेरची एखादी साधी लाइन किंवा वॉकीटॉकी, महत्त्वाच्या नंबरांची छापील यादी आणि फोनसेवेचं एक आपत्कालीन प्रशासक खातं वेगळं राखणं आवश्यक आहे. त्या खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात ठेवावा आणि ते वापरलं गेलं की दोघांना तरी कळावं.

कायद्याचा रेटाही आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कॉलचं रेकॉर्डिंग हा वैयक्तिक डेटा असल्यानं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही इथं विचार करावा लागतो. रेकॉर्डिंग कुणी ऐकलं, कुणी पुसलं, हे विचारल्यावर उत्तर देता आलं पाहिजे. त्यासाठी ऐकणारा आणि पुसण्याचा अधिकार असलेला, हे दोघं वेगळे हवेत.

मुरुड किंवा श्रीवर्धनच्या दहा खोल्यांच्या हॉटेलला मोठी गव्हर्नन्स यंत्रणा परवडणार नाही, शिवाय अशी जोडणी अनेक सेवा त्यांच्या महागड्या प्लॅनमध्येच देतात. तरी तत्त्व तेच ठेवता येतं. नंबर मॅनेजरच्या नव्हे, व्यवसायाच्या नावावर घ्यावा. प्रशासक दोन असावेत. पगार करताना पगारपत्रक आणि फोनच्या वापरकर्त्यांची यादी शेजारी ठेवून पाहावी. मांडव्याहून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाला जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद होतात, किनाऱ्यावरची गर्दी ओसरते आणि सीझनपुरती आलेली मुलं गावी परततात. मे महिन्याच्या अखेरीस त्यांचा हिशेब चुकता करतानाच फोनचे अधिकारही काढून घेतले, तर या कामाला वेगळा दिवस काढावा लागत नाही.