दोन अदृश्य चिन्हे

एचटीटीपी १.१ या पद्धतीने एक संगणक दुसऱ्याकडे माहिती मागतो, तेव्हा मागणीपत्रातील प्रत्येक ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते. टंकलेखन यंत्राचा गाडा मागे नेणे व कागद एक ओळ पुढे सरकविणे, या क्रियांचीच ती चिन्हे होत. अर्जदाराने भरलेल्या मजकुरात ती दडलेली असली आणि तो मजकूर न तपासताच पत्त्यात जोडला गेला, तर त्यापुढील अक्षरे मागणीपत्रातील स्वतंत्र ओळ म्हणून वाचली जातात. सही झालेल्या आदेशात मागाहून ओळ घुसडावी, त्यातलाच हा प्रकार. पायथॉन या संगणकभाषेच्या 'यूआरएललिब' या तयार आज्ञासंचात हा दोष २०१९ मध्ये नोंदविला गेला. ३.७.४ या आवृत्तीपासून असा पत्ता नाकारला जातो. त्यापूर्वीच्या सदोष आवृत्तीवर विसंबलेल्या कार्यालयाने मजकूर स्वतःच गाळून घेतला नाही, तर ही वाट उघडीच राहते.