वारा पडेपर्यंत

सकाळचे पावणेसात. शाळू काढून मोकळं झालेलं रान आहे. पायाखाली धसकटं. चपलेतून टोचतात.

कवठे महांकाळ मागं टाकून नागजच्या अंगाला निघालं की रस्त्याकडेला बेदाण्याच्या शेड लागतात. हिरव्या जाळ्या, आत मजल्यावर मजले, त्यावर पसरलेली द्राक्षं. मार्चच्या हवेत आंबूस-गोड वास भरून राहिलाय. अशाच एका शेडच्या मागं हे रान. मधोमध निळी-केशरी गोल चटई अंथरलीय, तिच्यावर ‘एच’ अक्षर. चटईच्या कडा दगडांनी दाबल्यात. पलीकडं चार कोपऱ्यांना चार लाल शंकू, मध्ये आणखी दोन. दूर, ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या पुसट दिसतात.

सगळ्यांचे डोळे त्या पवनचक्क्यांकडं आहेत. पाती फिरताहेत.

“अजून दहा मिनिटं,” शिकवणारे सर म्हणतात. त्यांच्या हातात वारा मोजायचं छोटं यंत्र आहे. ते डोक्यावर धरतात, आकडा बघतात, खिशात टाकतात. सेकंदाला ५ मीटरच्या वर वारा गेला की इथं उड्डाण नाही. हा त्यांनी स्वतः घातलेला दंडक. आज ड्रोन प्रशिक्षणाचा पाचवा दिवस, म्हणजे परीक्षेचा. वारा मात्र पहाटेपासूनच सुटलाय.

लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. अकराजणांचा गट, त्यात सातजणी बायका. कुणी शिरढोणहून आलंय, कुणी कुचीहून, दोघी पार जतच्या बाजूच्या. एकीनं डबा सोडलाय. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. खायचं मात्र कुणाला सुचत नाही. सगळ्यांच्या हातांचे अंगठे आपोआप हलताहेत. हातात रिमोट नाही, तरी हलताहेत.

टेबलापाशी एक मुलगी फायली लावतेय. मी वाकून बघते. वर दहावीची मार्कलिस्ट, खाली आधार, मग फोटो, मग डॉक्टरांचा दाखला. वय १८ ते ६५ आणि शिक्षण निदान दहावी पास, ही ड्रोन उडवायच्या कागदाची पहिली पायरी. पासपोर्ट कुठल्याच फायलीत नाही. आधी तोही लागायचा. सप्टेंबर २०२३मध्ये नियम बदलला आणि सरकारी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढ्यावर भागायला लागलं. या भागात तो बदल मोठाच होता. इथले पुरुष गलाईच्या कामासाठी देशभर विखुरलेत. सोनं-चांदी आटवत दुकानं थाटली, परप्रांतात घरं केली, पण मागं रान सांभाळणाऱ्या बाईकडं पासपोर्ट कुठून असायचा?

“लायसन्स कधी मिळणार ओ?” पाठीमागून एक पोरगा विचारतो. सगळे लायसन्सच म्हणतात. खरं तर फेब्रुवारी २०२२च्या दुरुस्तीनं हा शब्द नियमांतून गेला. आता आहे ते रिमोट पायलट सर्टिफिकेट. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत शिकायचं, तिथंच परीक्षा द्यायची. पास झालात की ७ दिवसांच्या आत संस्थेनं सरकारी पोर्टलवरून सर्टिफिकेट द्यायचं. मुदत १० वर्षं.

हा पोरगा लग्नांचं शूटिंग करतो, बैलगाडी शर्यतींचंही. त्याच्याकडं कॅमेऱ्याचा ड्रोन आहे, किलोभराच्या आतला. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतचा हौसेनं उडवला तरी चालतो. पण त्यावर पैसे मिळवायचे म्हटलं की कागद हवा. हे त्याला एका वऱ्हाडात कुणीतरी सुनावलं म्हणे. दंड लाखापर्यंत होऊ शकतो, हे कळल्यावर त्यानं फीची जुळवाजुळव केली.

शेडच्या एका खोलीत वर्ग आहे. मी आत डोकावते. पत्रा तापायला लागलाय. फळ्यावर कालची चित्रं तशीच आहेत, ढग, बाण, विमानतळाभोवती काढलेली वर्तुळं. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी न मागता उडवता येतं, पिवळ्यात विचारून, लालमध्ये सरकारच्या खास परवानगीवाचून नाही. उडवायच्या आधी दर वेळी नकाशा उघडून बघायचा. कारण कालचा हिरवा आज लाल झालेला असू शकतो. कुणी मोठा नेता येणार असला की होतो. बाकावर एक वही उघडी पडलीय. इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून पुढं त्यांचा अर्थ लिहिलाय. थ्रॉटल – वरखाली. यॉ – जागच्या जागी गिरकी. पिच – पुढं-मागं झुकणं. रोल – कुशीवर कलणं. ‘कुशीवर’ या शब्दाखाली रेघ मारलीय. लिहिणारीचं अक्षर शाळेतल्यासारखं वळणदार आहे.

कोपऱ्यात दोन लॅपटॉप. त्यांना रिमोट जोडलेत. पडद्यावरचा ड्रोन झाडावर आपटतो, एक बाई “आयाई!” म्हणते आणि पुन्हा सुरुवात करते. इथं आपटायला पैसे पडत नाहीत. पहिले दोन दिवस सगळ्यांनी हेच केलं.

बाहेर येते तोवर साडेसात. पाती मंदावलीत. सर पुन्हा यंत्र वर धरतात. तीन पूर्णांक आठ.

“या.”

पहिलं नाव पुकारलं जातं. शिरढोणची सून, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. ओढणी कमरेला घट्ट बांधलीय. तिच्या आधी मात्र तिची सासू उठते.

या आक्का बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. वय बावन्न. शिक्षण आठवी. परीक्षेला त्या नाहीत, सुनेबरोबर सहायक म्हणून आल्यात. ड्रोन दीदीच्या योजनेत गटाला ड्रोन मिळतो, किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख सरकार देतं. गटातली एकजण १५ दिवस शिकते, ५ दिवस उड्डाण आणि पुढचे १० दिवस फवारणीचं काम. देशभरात अशा १५ हजार गटांना ड्रोन द्यायचे ठरले. त्यातला एक आपला असावा म्हणून आक्कांनी सगळी कागदपत्रं जमवली, बँकेत खेपा घातल्या, गावात बायकांना समजावलं. फॉर्मवर नाव सुनेचं.

“औषध कुठलं कशात मिसळायचं न्हाई, ते मला इचारा,” त्या सांगतात. “तीस वर्सं फवारतोय आम्ही. पर दहावीचा कागद कुठनं आणू?”

हे बोलताना त्या बादलीत पाणी गाळताहेत. आज औषध नाही, टाकीत नुसतं पाणी भरायचंय, तरीही सुती पातळाचा तुकडा बादलीवर ताणून त्या गाळतात. कापडावर बारीक रेती उरते. बोटानं ती एका बाजूला लोटतात, मला दाखवतात. नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं. एवढी रेती पुरे. पाठीवरच्या पंपानं एकराला दीड-दोनशे लिटर पाणी जातं, ड्रोनमधून दहाएक लिटर. म्हणजे औषध तेवढंच, पाणी मात्र फार थोडं. मिसळण्यात चूक झाली तर पान करपणार, गाळण्यात झाली तर नोझल तुंबणार. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत आहे. आक्कांच्या हातात ती रोजची सवय आहे.

दहावीची अट उगाच घातलीय असं मी म्हणणार नाही. नकाशा वाचायचा, हवामान ओळखायचं, लेखी परीक्षा द्यायची. पण ज्या बायकांनी आयुष्यभर फवारा अंगावर घेतला, त्यांच्या अनुभवाला या फायलीत कुठंतरी जागा असायला हवी होती, असं ती बादली बघताना फार वाटतं.

ड्रोन चटईवर ठेवलाय. सहा हात, सहा पंखे, पोटाला १० लिटरची टाकी. भरल्यावर वजन २५ किलोच्या आत राहतं. २ किलोच्या वर आणि २५ किलोपर्यंतचा तो ‘स्मॉल’, लहान. आक्कांना हे नाव पटत नाही. “ह्यो ल्हान?” त्या विचारतात.

सून गुडघ्यावर बसते. एकेक पंखा बोटानं फिरवून बघते. स्क्रू हलवते. बॅटऱ्या बसवते, क्लिप ओढून खात्री करते. पुटपुटत सगळं मोजते. मग रिमोट सुरू. उपग्रहांचा आकडा वाढायची वाट बघायची. नऊ. अकरा. चौदा. सगळे गप्प. शेडमधल्या बायकांचं बोलणं तेवढं ऐकू येतं, आणि महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न.

दोरीच्या मागं या, सर म्हणतात. आम्ही मागं सरतो. रानाच्या पलीकडच्या टोकाला विजेची तार गेलीय. तिथं कुणीतरी उभं राहायचं असतं. उडवणाऱ्याची नजर ड्रोनवरून हलता कामा नये, म्हणून आजूबाजूचं दुसऱ्यानं बघायचं. माणूस, जनावर, तार, पक्षी. सर आक्कांकडं बघतात. आक्का पदर खोचतात आणि धसकटांतून चालू लागतात. तारेखाली जाऊन थांबतात, कपाळावर हात आडवा धरतात.

“सगळं मोकळं!” तिकडून आवाज येतो.

पंखे फिरायला लागतात. दूरवर मळणी मशीन चालू व्हावं तसा आवाज, मग एकदम जवळ. धुळीचा लोट उठतो. चटईची एक कड दगडासकट फडफडते. ड्रोन जमीन सोडतो, पुरुषभर उंचीवर येऊन स्थिर होतो. सुनेच्या गळ्यातल्या पट्ट्याला रिमोट लटकलाय. दोन्ही अंगठे काठ्यांवर. सरांच्या हातात दुसरा रिमोट, तिच्या रिमोटला जोडलेला. चुकलंच तर त्यांनी ताबा घ्यायचा. तसं झालं तर नापास.

आधी चौकोन. शेपूट आपल्याकडं, नाक पुढं. डावी काठी, उजवी काठी. हे सोपं. ड्रोन एका शंकूवरून दुसऱ्यावर जातो, थांबतो, वळतो. मग नाक आपल्याकडं. इथंच सगळं उलटं होतं. ड्रोनचं डावं ते आपलं उजवं. अंगठा डावीकडं ढकलला की ड्रोन उजवीकडं पळतो. डोक्याला कळतं, अंगठ्याला कळायला वेळ लागतो. काल याच ठिकाणी तिघं चुकले. एकाचा ड्रोन सरळ बाभळीकडं निघाला होता. शूटिंगवाला पोरगा माझ्या शेजारी श्वास रोखून उभाय. “नाक समोर आलं की मी स्वतःलाच आत बसलेला समजतो,” तो हळूच सांगतो.

सुनेच्या कपाळावरून घामाचा थेंब भुवईत उतरतो. ती पुसत नाही.

आता आठाचा आकडा. दोन शंकूंभोवती, नाक सतत पुढं ठेवून. अर्धा आठ शेपूट दिसते, अर्धा आठ नाक. ड्रोन पहिलं वळण घेतो. दुसऱ्या वळणाला वाऱ्याची एक झुळूक येते. लिंबाची पानं उलटतात. ड्रोन आठाच्या बाहेर सरकतो. तारेच्या दिशेनं.

“मागं घे गं! तार हाय!” आक्का ओरडतात.

सरांचा अंगठा स्वतःच्या रिमोटवर टेकतो. दाबत नाही.

सून काठ्या सोडते. दोन्ही. सोडलेल्या काठ्या आपोआप मध्यावर येतात, ड्रोन झुकतो, सावरतो, हवेत जागच्या जागी थबकतो. एक. दोन. तीन. मग ती अगदी थोडी काठी ओढते आणि ड्रोन मागं येतो. शंकूवर येतो. उरलेला आठ पूर्ण होतो.

उतरताना धूळ पुन्हा उठते. चटईच्या ‘एच’वर एक पाय, मग बाकीचे. पंखे थांबतात. एवढी शांतता पडते की टाकीतलं पाणी डुचमळल्याचं ऐकू येतं. सर वहीत काहीतरी लिहितात. काय, ते दिसत नाही. सून रिमोट गळ्यातून काढते आणि अंगठे ओढणीला पुसते. हात थरथरताहेत.

बॅटऱ्या काढतात. हात लावला तर चांगल्याच गरम. लगेच चार्जिंगला लावायच्या नसतात, गार होऊ द्यायच्या. लिंबाच्या सावलीत रेतीची बादली भरून ठेवलीय. बॅटरीनं पेट घेतला तर त्यावर ही ओतायची. टाकी भरलेली असली की बॅटऱ्यांच्या एका जोडीवर आठ-दहा मिनिटं, तेवढ्यात साधारण एक एकर. पलीकडं जनरेटरवर पुढच्या जोड्या चार्ज होताहेत. त्याचा घरघराट आता सवयीचा झालाय.

बांधावर चार शेतकरी येऊन उभे राहिलेत. एकाच्या हातात दुधाची रिकामी किटली. “द्राक्षाला चालतंय का हे?” तो मला विचारतो. या तालुक्यात पहिला प्रश्न हाच येणार. मंडपावरच्या वेलीला ट्रॅक्टरचा ब्लोअर खालून, बाजूनं औषध मारतो, पानाच्या पाठीला लागतं. ड्रोन वरून मारतो. मी सांगते, उसाला जास्त उपयोगी. ऊस डोक्याच्या वर गेला की आत माणूस शिरत नाही. म्हैसाळ योजनेच्या पाण्यानं इकडं ऊस वाढलाय, त्यालाही पटतं. मग तो दर विचारतो. एकरी किती घेणार? ते मला सांगता येत नाही. तो सुनेकडं बघतो, तिच्याकडं जाऊन विचारतो. ती अजून पास झालेली नाही. तरी ती वहीतून पान फाडते, त्याचं नाव आणि गट नंबर लिहून घेते.

नऊ वाजतात. ऊन चटकायला लागलंय. सात जणांची परीक्षा व्हायची बाकी. सर यंत्र वर धरतात. पाच पूर्णांक दोन.

“थांबा.”

पुन्हा खुर्च्या. पुन्हा लिंबाची सावली, आता ती आखडलीय. पाण्याचा जार अर्धा झालाय. सून डबा उघडते, भाकरीचा तुकडा मोडते. दुसरा तुकडा हातात धरून रानाच्या टोकाकडं बघते.

आक्का अजून तारेखालीच उभ्या आहेत. त्यांना परत या म्हणून कुणी सांगितलेलं नाही. कपाळावरचा हात तसाच आहे. ढालगावच्या अंगाला पाती फिरताहेत, त्यांची नजर तिकडं आहे.

“आत्या, या खायाला,” सून हाक मारते.

“वारा पडूंदे,” त्या तिथूनच म्हणतात. “पुढचं पोरगं उडवंल, तवा कोण बघंल हिकडं?”